रिकाम्या आसनासमोर

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही बाबांच्या अस्थी घेऊन रामटेकच्या अंबाळा तलावावर गेलो होतो. नागपूरकडची अनेक कुटुंबे त्यासाठी तिथेच जातात, त्यामुळे घाटावर कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. भाऊ गुरुजींसमोर बसला होता आणि मी दोन पायऱ्या खाली उभी होते. त्याने कलश कलता केला तेव्हा राख लगेच बुडाली नाही. काही क्षण ती पाण्यावर करड्या सायीसारखी पसरली, तिच्या कडेला बोटाएवढे मासे जमले आणि मग ती हळूहळू विरत गेली. दुःख तर होतेच, पण त्याच्याही तळाशी एक खात्री होती की बाबा कुठे गेलेले नाहीत, कारण या सृष्टीच्या बाहेर जायला जागाच नाही. तेवढ्यात गुरुजींनी सांगितले, वडिलांना वैकुंठप्राप्ती व्हावी म्हणून हात जोडा. मी हात जोडले, पण ते समोरच्या पाण्याला. परतताना मनसर येईपर्यंत गाडीत कोणीच बोलले नाही. जे मला तिथे जाणवले ते ज्याच्याजवळ बोलावे असे एकही माणूस आपल्याला नाही, हे त्या प्रवासात पहिल्यांदा लक्षात आले.

माझी जी धारणा आहे तिला मराठीत सर्वेश्वरवाद म्हणतात. शब्दातच ईश्वर असल्यामुळे गैरसमज होतो, म्हणून थोडे स्पष्ट करते. जग निर्माण करणारा, त्याच्याकडे लक्ष ठेवणारा, प्रार्थना ऐकून निर्णय बदलणारा कोणी आहे असे मी मानत नाही. जे आहे ते हे विश्वच आहे, ते अखंड आहे, मी त्याचाच एक अंश आहे आणि पूज्यभाव वाटावा असे याहून दुसरे काही मला माहीत नाही. ही केवळ बुद्धीने काढलेली उपपत्ती असती तर मला माणसांची गरज भासली नसती. पण फाल्गुनात सेमिनरी हिल्सच्या उतारावर पळस फुलतो तेव्हा माझे मस्तक खरोखर झुकते, आणि जिथे मस्तक झुकते तिथे आपल्या शेजारी आणखी कोणी झुकलेले असावे असे माणसाला वाटतेच.

हे सांगितले की आमच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, यात नवीन काय, हेच तर आपल्या संतांनी सांगितले. त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकते, कारण ते बरेचसे खरे आहे. मायावादात जग मिथ्या ठरते, तिथे माझे मन रमत नाही; पण ज्ञानेश्वरांच्या चिद्विलासात हे जग चैतन्याचाच विलास आहे, त्याला खोटे ठरवण्याची गरज नाही, आणि त्या विचाराच्या मी फार जवळ आहे. अडचण विचारापाशी नाही, उपासनेपाशी आहे. भजनाला बसले की समोर सगुण मूर्ती असते, तिला आळवायचे असते, आणि जे शब्द मला खरे वाटत नाहीत ते गर्दीत मिसळून म्हणणे मला त्या भजनाचाच अवमान वाटतो.

शोधाची सुरुवात एका विवेकवादी अभ्यासमंडळापासून केली. देव न मानणे तिथे सहज समजले, पण नमस्कार करावासा वाटणे समजले नाही. तो जुन्या संस्काराचा अवशेष आहे, हळूहळू जाईल, असे मला प्रेमाने सांगण्यात आले. मी तिथे फार काळ राहिले नाही. नंतर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. पहाटे चारची घंटा, दिवसभर श्वासाकडे आणि शरीरातील संवेदनांकडे पाहणे, कोणाशी नजरानजरही नाही. कोणताही देव मानायला सांगत नाहीत आणि शुल्कही घेत नाहीत. मला त्याचा मोठा लाभ झाला. मात्र शेजारच्या आसनावर दहा दिवस बसलेल्या बाईंचे नाव मला शेवटच्या दिवशी कळले आणि तासाभरात त्या आपल्या गावाला निघून गेल्या. शिवाय ती साधना संसारचक्रातून सुटण्याची आहे, आणि मला तर या विश्वातून सुटायचेच नाही.

नागपुरात राहून देवाविना धर्म कसा असतो याचा विचार करणाऱ्याला दीक्षाभूमीवर जावेच लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह तिथे बौद्ध धम्म स्वीकारला आणि दिलेल्या २२ प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, अशी आहे. माझी सहकारी मैत्रीण मला तिथे घेऊन गेली. बोधिवृक्षाखाली आम्ही बराच वेळ बसलो. वंदना, शील, परस्परांचा आधार, सुखदुःखाचे विधी, हे सारे ईश्वराशिवाय उभे राहू शकते याचा इतका ठळक पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मैत्रीण म्हणाली, तू येत जा. मी जाते, पण पाहुणी म्हणून जाते. तो समाज पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान नाकारून उभा राहिला आहे. केवळ मला सोबत हवी म्हणून त्या इतिहासावर हक्क सांगणे मला योग्य वाटत नाही.

याच काळात स्पिनोझाच्या आयुष्यातील एका गोष्टीने मला धीर दिला. ईश्वर आणि निसर्ग एकच, असे म्हणणाऱ्या या तत्त्वज्ञाला जुलै १६५६ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केले. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याने लिहिलेले वाचू नये, असा आदेश होता. तो एकटा पडला असेल असे मला वाटत होते. परंतु १६६१ च्या सुमारास तो लायडनजवळच्या राइन्सबर्ग या खेड्यात राहायला गेला, आणि ते खेडे कॉलेजियंट नावाच्या पंथाचे केंद्र होते. हे लोक श्रद्धाळू ख्रिस्तीच होते, मात्र त्यांच्या सभेत धर्मोपदेशक नसे. ज्याला बोलावेसे वाटेल त्याने उठून बोलावे, इतरांनी ऐकावे. तो त्या पंथाचा झाला नाही. भिंगे घासत, लिहीत तो त्यांच्या शेजारी राहिला, आणि त्याच्या मित्रांत त्या पंथाची माणसे होती. मी आजवर माझ्यासारखे मानणारी माणसे शोधत होते. शोधायला हवी होती ती मला न पटणारे शब्द माझ्या तोंडून वदवून न घेणारी माणसे.

ती मला आमच्याच वस्तीत भेटली. समाजभवनात गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीचा आवाज मी कित्येक वर्षे गच्चीवरून ऐकत होते. एका गुरुवारी आत जाऊन बसले. समोर चौरंगावर गादी, मागे लोड, त्यावर पांढरीशुभ्र चादर आणि बाजूला एक उदबत्ती. गादीवर कोणीच नव्हते, मूर्ती नव्हती, तसबीरही नव्हती. तुकडोजी महाराजांचे छायाचित्र होते, तेही कडेच्या भिंतीवर. या रिकाम्या आसनाला ते अधिष्ठान म्हणतात. चादरीच्या एका कोपऱ्याला पडलेली घडी मला अजून आठवते, कारण पूर्ण वेळ माझी दृष्टी त्या आसनावरून हलली नव्हती. इतकी वर्षे मी जिथे हात जोडायला जात होते तिथे आधीच कोणीतरी बसवलेले असे. इथे ती जागा मोकळी होती, आणि उदबत्तीचा धूर तिच्यावरून जात होता.

प्रार्थनेतील काही ओळी मी म्हटल्या, काही म्हटल्या नाहीत. भगव्या टोपीतल्या एका वृद्ध काकांच्या ते लक्षात आले. “जय गुरु” म्हणून झाल्यावर त्यांनी विचारले आणि मीही काही न लपवता सांगितले की मला देव मानता येत नाही. ते थोडा वेळ आसनाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आसन तं रिकामंच हाय, ताई. तुमाले जे दिसते ते पाहा. पन येत जा.”

तेव्हापासून जाते. गेल्या अश्विनात त्यांच्याबरोबर मोझरीलाही गेले. तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. पुण्यतिथी महोत्सवात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली होते. हजारो माणसे एकाच क्षणी स्तब्ध झाली, आणि त्या शांततेत मला कोणतीही ओळ वगळावी लागली नाही.

यंदाच्या जानेवारीत बाबांच्या तिसऱ्या पुण्यतिथीला मंडळाने दोन मिनिटे मौन पाळले आणि नंतर मला बोलायला सांगितले. मी अंबाळ्याची राख, ते पाणी, कडेला जमलेले मासे, सारे सांगितले, जसे मला दिसले तसे. ते वैकुंठात आहेत असे कोणी म्हणाले नाही. मागच्या ओळीतल्या एका मावशींनी एवढेच विचारले की मासे कोणते होते. मला सांगता आले नाही. पावसाळा सरला की अंबाळ्याला जाऊन नीट पाहायचे ठरले आहे. मावशींचे माहेर रामटेककडचे आहे आणि त्या सोबत येणार आहेत.