एका वेळी एकानेच बोला

आमच्या टीममध्ये मार्चपासून एक नवीन कलीग आलीये, टेस्टिंगला. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. पहिल्याच मीटिंगला तिच्यासोबत साइन लँग्वेजचे दोन दुभाषी. मी मनात म्हटलं, एका बाईसाठी दोन माणसं, काय ही उधळपट्टी! नंतर कळलं की ते काम इतकं दमवणारं असतं की दर पंधरा-वीस मिनिटांनी आलटून पालटून करावं लागतं.

आणि मग नियम. एका वेळी एकानेच बोलायचं, आधी हात वर करायचा, ती ओठही वाचते म्हणून बोर्डाकडे तोंड करून बोलायचं नाही. मला पहिले दोन आठवडे जाम वैताग आला. मी पडलो सांगलीचा, आमच्याकडे चौघं एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं कळतं. इथे मी मध्येच तोंड घातलं की दुभाषी हात थांबवून माझ्याकडे बघायची, मग अख्खी रूम माझ्याकडे बघायची.

पण खरं सांगू का, जर्मनीत, श्टुटगार्टात येऊन चार वर्षं झाली आणि या आधी मीटिंगमध्ये मी फक्त मान हलवत बसायचो. जर्मन वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. आता हात वर केला की सगळे थांबतात, मला क्रियापद सापडेपर्यंत थांबतात. नियम तिच्यासाठी केला, फुकटात सोय माझी झाली.

आता इथली माणसं लै दयाळू आहेत असं समजू नका हं. कायदा आहे. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्याव्या लागतात, नाहीतर दर रिकाम्या जागेमागे भरपाई. मोठ्या कंपनीने असा एकही माणूस ठेवला नाही तर २०२४ मध्ये ती महिन्याला ७२० युरो होती. कितीतरी कंपन्या पैसे भरून मोकळ्या होतात, आणि गंमत म्हणजे त्याच पैशांतून अशा दुभाष्यांचा खर्च निघतो.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आहेत, खाजगी कंपन्यांवर सक्ती नाही. पण आपल्याकडे घर असतं ना! माझा मावसभाऊ, आमचा दादा, त्यालाही ऐकू येत नाही. मामांनी त्याला स्वतःच्या प्रेसमध्ये घेतलं, कुणी फॉर्म भरला नाही की टक्केवारी मोजली नाही. मिशीला पीळ दिला की मामा, कपाळाला बोट लावलं की मावशी, एवढ्यावर आमचं चालायचं. एवढ्यावरच चालायचं, हेही खरं. खरी साइन लँग्वेज आमच्यापैकी कुणीच शिकलं नाही, मीही नाही. लग्नाच्या हॉलवर सगळे हसायला लागले की तो माझ्या बाहीला ओढून हातानेच विचारायचा, काय झालं? मी हाताने सांगायचो, थांब, नंतर.

परवा त्याला व्हॉट्सॲपवर या कलीगबद्दल सगळं लिहून पाठवलं. आधी त्याने तिचा पगार विचारला. मग बराच वेळ टायपिंग दिसत होतं.

"ताईच्या हळदीला सगळे एवढे का हसत होते?"

ती हळद २०१४ ची. मला काही केल्या आठवेना.