सायरनच्या बेटांवर पैसे घालवू नका, थेट शिल्ला गाठा

सायरन, म्हणजे ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'त गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या मायाविनी, पाहायच्या म्हणून इटलीतल्या पोझितानोहून बोट ठरवणार असाल तर थांबा. समोरची ली गाल्ली ही तीन बेटं खाजगी आहेत, तिथे उतरता येत नाही. बोट एक वळसा घालते, पोहायला थांबते आणि परत येते. जाहिरातीत मात्र अख्खी 'सायरनच्या बेटांची सफर' असते. जायचंच असेल तर दर माणशी की पूर्ण बोटीचा, तासावर की फेरीवर, इंधन धरून की सोडून, हे चढण्याआधी लिहून घ्या. इंधनाचे पैसे धक्क्याला परतल्यावर मागतात, आणि तेव्हा घासाघीस करून काही हाती लागत नाही. स्पष्टच सांगतो, बेटं किनाऱ्यावरूनही छान दिसतात.

दुकानांतल्या मासळीच्या शेपटीच्या सायरनही घेऊ नका. होमरने त्यांचं रूप सांगितलेलंच नाही. ग्रीक भांड्यांवर त्या पक्षी आहेत, डोकं तेवढं बाईचं. 'ट्रॉयमध्ये काय घडलं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे' असं त्या 'ओडिसी'च्या नायकाला, ओडिसियसला सांगतात. त्यांचं आमिष ज्ञानाचं आहे. निघण्यापूर्वी 'ओडिसी'चा बारावा सर्ग वाचाच, नाहीतर पुढचं सगळं नुसते खडक आणि पाणी.

रोमहून खाली येताना फोंदी-स्पेरलोंगा स्टेशनला उतरून बसने स्पेरलोंगा करा. तिबेरियस बादशहाच्या गुहेत १९५७ साली सापडलेलं स्किलाचं, म्हणजे 'ओडिसी'तल्या खलाशी खाणाऱ्या राक्षसिणीचं, शिल्प तिथल्या संग्रहालयात आहे. तिच्या कमरेतून फुटलेले कुत्रे खलाशांचे लचके तोडताहेत आणि तिच्या पंजाने सुकाणूवाल्याचं डोकं केसांसकट आवळलंय. त्या बोटांपाशी वेळ द्या. होमरची स्किला मात्र वेगळी: सहा माना, बारा पाय, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा.

आता शिल्ला, स्किलाचं नाव लावणारं इटलीच्या दक्षिण टोकाचं गाव. विला सान जोवान्नी या बंदराहून लोकल गाडीने पंधराएक मिनिटं. किल्ल्याखालचा कडा हाच स्किलाचा मानतात. कियानालेआची कोळीवस्ती कड्याच्या पलीकडे आहे. पायऱ्या भरपूर, उन्हाळ्यात दुपारी चढू नका.

निराशा होते ती इटली आणि सिसिलीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत, कॅरिब्डिसच्या (स्किलासमोरच्या, जहाजं गिळणाऱ्या राक्षसिणीच्या) भोवऱ्यापाशी, कारण लोक भलत्या वेळी जातात. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. कोकणातल्या माणसाला ती भरती वाटणारच नाही. पण सामुद्रधुनीच्या एका टोकाला भरती असते तेव्हा दुसऱ्या टोकाला ओहोटी, त्यामुळे पाणी उतारावरून धावल्यासारखं धावतं. प्रवाह ४ नॉटच्या (ताशी सुमारे ७ किमी) पुढे जातो, साधारण दर सहा तासांनी उलटतो, आणि उलटताना मध्ये पाणी स्थिर होतं. त्या वेळात गेलात तर काहीच दिसणार नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा. इटालियन नौदलाची जलसर्वेक्षण संस्था या प्रवाहांची कोष्टकं छापते. त्यातली सर्वाधिक वेगाची वेळ निवडा.

विला सान जोवान्नीहून फेरी सिसिलीतल्या मेसिनाला वीसेक मिनिटांत पोचवते, पण सर्वांत अरुंद भाग, सुमारे ३ किमीचा, तिच्या उत्तरेला राहतो. म्हणून मेसिनाहून शहर बसने तोर्रे फारो गावाला जा आणि कापो पेलोरो या टोकाच्या वाळूवर उभे राहा. गुळगुळीत पाण्याचे गरगरणारी वर्तुळं आणि शेजारीच उसळणाऱ्या लाटांची रेघ दिसली की वेळ बरोबर साधली. जहाज गिळणारा खड्डा शोधू नका. इथे पोहायला अजिबात उतरू नका. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच थांब्यावर पाहून ठेवा.