भाच्याची गाडी

रात्रीचे साडेअकरा. लाईन आत्ता आली. झोप येऊन नाही राहिली म्हणून लिहून टाकतो.

झालं काहीच नाही तसं. संध्याकाळी कापसाच्या जिनिंगच्या आवारात माझी रिमोटवर चालणारी छोटी गाडी घेऊन गेलो होतो. सीझन संपला की तिथलं सिमेंट रिकामं पडलेलं असतं आणि एवढी सपाट जागा आपल्या इकडं दुसरी नाही, गावातल्या रोडवर तर ही गाडी दहा फूट जात नाही, पोट घासतं. चौकीदाराचा पोरगा येऊन उकिडवा बसला. बराच वेळ नुसता पाहत होता, मग म्हणे, "काका, कोनाची होय जी हे?"

आणि मी म्हटलं, भाच्याची.

भाचा पुण्यात. त्यानं ही गाडी फोटोतसुद्धा पाहिली नाही.

काऊन म्हटलं असं? पैसे माझे, पाच महिने रात्री बसून जोडली मी. बॉडी पारदर्शक प्लास्टिकची, रंग आतून मारायचा असतो, म्हणजे चुकलं की वरून हात फिरवायची सोय नाही. कॉकपिटच्या बाजूला छोट्या खिडक्या आहेत, खऱ्या गाडीत त्या ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावी म्हणून होत्या, तर त्यांच्यावर रंग जाऊ नये म्हणून तेवढाच टेप कापून लावण्यात माझा आख्खा रविवार गेला. मोटरचा गिअर बसवताना दोन गिअरच्या मधात वहीच्या कागदाची पट्टी घालायची, नट आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची, तेवढीच फट पाहिजे. भाच्याला माहीत आहे का हे? "माझी" म्हणायला दोन अक्षरं लागतात. तोंडातून निघाली नाही.

बाबा पटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची, जोडी पाळायचे. तळेगाव दशासरच्या शंकरपटासाठी बैलांना अंडी, बदाम, आणि आम्हाला वरण-पोळी. बैल कोणाचे म्हणून विचारायची कोणाची हिंमत नव्हती, ते स्वतःच चार गावांना सांगत फिरायचे. त्यांचा शौक आणि माझं खेळणं. चाळिशी उलटली, कापसाचा चुकारा अर्धा बाकी, आणि घरात खेळण्याच्या वयाचं कोणी असतं तर... जाऊ द्या.

तरी भाच्याचं नाव काऊन घेतलं हे कळतच नाही.

आता गंमत अशी की माझी गाडी जिची नक्कल आहे ती खरी गाडीच मुळात लपवलेली. टायरेल पी-34, फॉर्म्युला वनच्या शर्यतीतली, सहा चाकांची, पुढं चार छोटी, मागं दोन मोठी. 1975 साली ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा झाकलेल्या कापडाखाली गोल कड्या लावल्या होत्या, म्हणजे वरून पाहणाऱ्याला वाटावं की पुढं नेहमीसारखी मोठी चाकं आहेत. कापड काढलं तर काहींना वाटलं मस्करीच चाललीय. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये जॉडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक देपाये दुसरा, दोघंही याच गाडीत. हे सगळं त्या पोराला सांगत बसलो मी. भाच्याची गाडी आणि माहिती सगळी मामाला!

"सहा चाकं काऊन पण?" म्हणे. सांगितलं, पुढची चाकं 10 इंची रिंगची, समोरच्या पंखाच्या आडोशाला बसतात, हवा कमी अडते, आणि लहान चाकाची पकड कमी म्हणून दोनाच्या जागी चार. त्यानं डोकं खाजवलं. "मंग टायरचा खर्च किती होत असन!"

हसलो मी, पण पोट्टं बरोबर होतं. टायरनंच मारलं तिला. तेवढे छोटे टायर दुसऱ्या कोणाला लागतच नव्हते, मग त्यांच्यात सुधारणा मागं पडली, आणि 1977 नंतर गाडी बंद.

तेवढ्यात मोटर घरघरायला लागली. उलटी करून पाहिलं तर मागच्या ॲक्सलला कापसाचा तंतू गुंडाळलेला, काळा, तेलकट, वातीसारखा. कितीही झाडलं तरी जिनिंगमध्ये रुई राहतेच. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होतो, त्यानं नखानंच ओढून काढला. मग गाडी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला, सुतार रंधा मारल्यावर फळीकडं पाहतो ना तसा, आणि म्हणाला, "भाच्याले सांगा, समोरचं हे आतलं चाक वाकडं हाय. तिकडंच ओढून राह्यली."

पाच महिन्यांत मला दिसलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर बॅटरीच्या उजेडात काढलं. चारही चाकं स्टिअरिंगला बांधलेली, त्यातल्या एका दांडीचा आटा अर्धा फेरा जास्त फिरलेला. अर्धाच फेरा. ओसरीत ढकलून पाहिली, सरळ जाते.

उद्या परत नेतो. भाच्यानं फोनवर सांगितलं, मग दुरुस्त केली, असं म्हणावं लागेल आता. आणि त्यानं रिमोट मागितला तर भाचा काय म्हणेल ते मलाच ठरवायचं आहे.