सथानस आणि आपली गुराब
आज दिवसभर पाऊस. अजिंक्यतारा सकाळपासून ढगात गुडूप. भाचा साताऱ्याला आलेला, बाहेर जायची सोय नाही. मग कपाटातून अंतराळयुद्धाचा जुना गेम काढला, 'फ्रीस्पेस २', १९९९ चा.

शत्रूचं अंतराळजहाज, सथानस, पडद्यावर आलं आणि पोरगं ओरडलंच, "मामा, केवढं धूड आहे हे!" आहेच. काळंकुट्ट, पुढे पंजासारखे बाहू आणि तोंडाशी चार भल्यामोठ्या बीम तोफा, म्हणजे किरणांचा झोत सोडणाऱ्या. आपल्या बाजूचं जहाज कोलोसस सहा किलोमीटर लांब, बांधायला वीस वर्षं लागलेली. तरी ते सथानससमोर यायच्या आत त्या चारही तोफा आपल्या चिमुकल्या बॉम्बरने फोडायच्या! याच रचनेवर माझा जीव आहे. नुसतं मोठं जहाज कोणीही काढेल. त्याची ताकद कुठे आणि दुखरी जागा कुठे, हे ठरवणारा खरा कारागीर.

खेळता खेळता त्याला आंग्र्यांच्या आरमारातली गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, सांगितली. तिच्याही नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, समोर मारा करणाऱ्या तोफा असायच्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला ओढून न्यायची, आणि शत्रूच्या मोठ्या जहाजाला शक्यतो मागून गाठायचं, कारण त्याच्या तोफांची रांग दोन्ही कुशींना.

पोरगं गप्प. मग लाइट बिलाच्या पाठीवर पेन्सिलने स्वतःचं जहाज काढायला बसलं. नाळेवर दोन तोफा. आणि मागे, मी न सांगता, आणखी दोन.

तो कागद मी फ्रिजवर लावलाय.