बंद झालेली सोलापुरी चादर पुन्हा विणून घेताना

‘हे डिझाइन आता येत नाही’ असं ऐकून दुकानातून परत फिरलेल्यांसाठी आधीच सांगून टाकते: सोलापुरात जुन्या नक्षीची चादर पुन्हा विणून मिळते. पण त्यासाठी दुकान सोडून कारखाना गाठावा लागतो, फोटोऐवजी जुनी चादर बरोबर न्यावी लागते आणि हाताशी भरपूर वेळ असावा लागतो. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही भावंडांनी तिचा आवडता संच असा विणून घेतला. एक डबल, दोन सिंगल आणि उशांचे अभ्रे. हा त्या खटपटीचा वृत्तांत. अशी भेट द्यायचं कुणाच्या मनात असेल त्याला उपयोगी पडेल.

आत्याची चादर गडद निळी आणि मोहरी रंगाची. काठाला कोयऱ्या, मध्ये आठ पाकळ्यांची फुलं आणि प्रत्येक फुलाभोवती पायऱ्यापायऱ्यांचा चौकोन. सोलापुरी चादरीची खूबी म्हणजे ती दोन्ही अंगांनी दिसते. एका बाजूला निळ्यावर पिवळं फूल, उलटली की पिवळ्यावर निळं. आत्याकडची डबल केव्हाच विरून गोधडीत गेली होती. एक सिंगल तेवढी माळ्यावर धडधाकट उरली होती. वहिनीने ती आत्याच्या नकळत काढून आमच्याकडे पाठवली.

पहिला सल्ला या चादरीबद्दलच. फोटोवर विसंबू नका. पुण्याहून फोनवर विचारलं तेव्हा एका कारखानदारांनी स्पष्ट सांगितलं, ‘ताई, फोटोत रंग खोटा येतो आणि सूत दिसत नाही. कापड घेऊन या, मग बघू की.’ ते खरंच होतं. वर्षानुवर्षं धुऊन आमची निळी राखाडीकडे गेली होती. मूळ रंग सापडला तो टोकाच्या दुमडीत. चादरीच्या दोन्ही टोकांना कापड आत दुमडून शिवलेलं असतं. तिथली चार बोटं शिवण उसवली आणि आत ऊन न लागलेली पट्टी निघाली. जवळजवळ शाईसारखी निळी. शेजारची मोहरी तर चक्क हळदीच्या अंगाची. रंग ठरवताना याच पट्टीवर बोट ठेवून सांगा. नाहीतर विटलेला रंगच ‘मूळ’ समजून तुम्हाला नवी कोरी विटकी चादर मिळेल.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण आम्ही रेल्वेने गेलो. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री पोचायचं, मुक्काम करायचा आणि सकाळी कारखाना, हे सोयीचं पडतं. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ या गाडीचं हे नाव आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. गाडीत बसलेल्या माझ्या भाच्यांना हे माहीत नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. मुंबईकरांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी, सकाळी थेट सोलापुरात उतरता येतं.

जाण्याचे दिवस जपून निवडा. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा राहायला जागा मिळणं कठीण. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. विणकर पद्मशाली समाजाचा हा सर्वांत मोठा उत्सव, त्या दिवशी माग बंद असतात. दिवाळीआधी हातातली कामं संपवण्याची घाई असते, तुमच्या एकट्या संचाकडे बघायला कुणाला सवड नसते. एप्रिल-मेचं ऊन चाळिशीच्या पुढे जातं आणि पत्र्याखालच्या मागखान्यात ते दुप्पट वाटतं. आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली, ते बरं झालं.

स्टेशनजवळच्या आणि बाजारपेठेतल्या दुकानांत चौकशी करण्यात आमचा पहिला अर्धा दिवस गेला. माणसं अगत्याची, पण त्यांच्याकडे येतो तो तयार माल. शिवाय एक गोष्ट कळली ती सांगायलाच हवी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी ‘सोलापुरी’ म्हणून विकला जाणारा बराच माल पानिपतहून येतो. हातात घेऊन बघा. अस्सल चादर वजनाला जड, सुती आणि दोन्ही बाजूंनी रेखीव असते. मागच्या बाजूला लोंबते धागे असले किंवा नक्षी नुसतीच छापलेली असली तर ती सोलापूरच्या जकार्ड मागावरची, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावरची नव्हे.

दुकानांतून निघाल्यावर रिक्षा करून शहराच्या पूर्व भागात गेलो. अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ हा सगळा मागांचा पट्टा, आणि पुढे अक्कलकोट रोडची एमआयडीसी. गल्लीत शिरलं की खटखट ऐकू येते आणि घराघरातून तेलुगू कानावर पडते. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे शहर विणून उभं केलं. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला सोलापूरकर अजून ‘जुनी मिल’च म्हणतात. त्या गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग टिकले, पण त्यांतले बहुतेक आता टॉवेल विणतात. टॉवेल परदेशी जातो, त्याला मागणी आहे. चादरीच्या जागी घराघरात हलकी पॉलिस्टरची ब्लँकेटं आली. आत्याचं डिझाइन बंद पडलं ते यामुळे. नक्षीत काही खोट नव्हती. ती चढवायला माग उरले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तसलं सुती, दमदार पांघरूण दुसरं नाही. थंडीत ऊब देतं, उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही आणि तीस वर्षं टिकतं.

ज्या कारखान्यात आमचं काम झालं तिथे फोनवर बोललेले तेच कारखानदार भेटले. त्यांनी आधी चादर टेबलावर पसरली, उलटी केली, काठ दोन बोटांत धरून चोळला आणि मग आम्हाला वर नेलं. माळ्यावर तुळईला पत्त्यांचे संच टांगलेले होते. जकार्ड मागाची नक्षी असते या पुठ्ठ्याच्या पत्त्यांत. प्रत्येक पत्त्यावर भोकं. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आडवा धागा नेणारा धोटा एकदा गेला की पुढचा पत्ता. असे शेकडो पत्ते दोरीने एकमेकांना ओवलेले, घडी घालून गठ्ठा बांधलेले, वर खडूने नंबर. कित्येक नंबर पुसलेले. काही गठ्ठे उंदरांनी कुरतडलेले, काही ओलीने फुगलेले. बंद झालेली डिझाइनं अशी तिथे टांगलेली असतात. म्हणून कारखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: जुने पत्ते आहेत का? असतील तर निम्मं काम झालं.

आमचे नव्हते. एका संचात कोयरीचा काठ निघाला आणि आम्ही हरखलो, पण कारखानदारांनी पत्ते उजेडाकडे धरून लगेच सांगितलं की ही कोयरी उलट्या बाजूला झुकलेली आहे, फूलही सहा पाकळ्यांचं आहे. तेवढ्यावर भागवून घ्या असा आग्रह त्यांनी केला नाही. ‘आत्यांना कळणार,’ एवढंच म्हणाले. काम यांनाच द्यायचं हे माझं तिथेच ठरलं.

मग नवे पत्ते पाडण्यासाठी आधी ग्राफ, म्हणजे चौकोनाचौकोनांत मांडलेला नक्षीचा आराखडा, काढावा लागला. हे काम करणारे डिझायनर आता थोडे उरलेत, आणि बरेचसे संगणकावर काढतात. आमचे मास्तर कागदावर काढणारे. त्यांनी भिंगाची छोटी चौकोनी काच चादरीवर ठेवली आणि सुईच्या टोकाने इंचभरातले धागे मोजले. आधी उभे, मग आडवे. आकडे पेन्सिलीने कडेला लिहिले. मग चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन लाल रंगाने भरत पाकळी उतरवायला घेतली. फुलाभोवतीचा तो पायऱ्यापायऱ्यांचा चौकोन तसाच का दिसतो ते तेव्हा समजलं. नक्षीची तिरकी रेघ मागावर चौकोनाचौकोनानेच चढते. आमच्या नक्षीची डावी-उजवी बाजू सारखी असल्याने निम्म्याच रुंदीचा ग्राफ पुरला, उरलेली निम्मी मागाच्या दोऱ्यांच्या जोडणीतूनच उलटून येते. अशी नक्षी असेल तर खर्चही कमी. मास्तरांनी आणखी एक गोष्ट पकडली. जुन्या चादरीत एका ओळीतली फुलं जराशी चपटी होती. विणताना हात बदलला असेल, म्हणाले. सरळ करू का? आम्ही नको म्हटलं. मग पुन्हा विचार केला आणि हो म्हटलं, कारण आत्याने ती चादर नवी म्हणून घेतली होती, चपटी म्हणून नाही.

आता पैशांचं आणि संख्येचं. हे नीट समजून घ्या, इथेच बरेच लोक मागे फिरतात. ग्राफ आणि पत्ते यांचा खर्च एकदाच येतो, मग चादर एक विणा की शंभर. सूत आणि रंगाई वजनावर. खरी अडचण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची. बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, हजारो धागे भरून ते मागावर चढवायचे, तेही तुमच्या रंगाचे, म्हणजे दोन-तीन चादरींसाठी कुणालाच परवडणार नाही. बोलणी डझनांतच होतात. यावर दोन उपाय. एक, कारखान्यात जो ताणा चालू आहे त्यातला जवळचा रंग पत्करायचा आणि फक्त आडव्या धाग्याचा रंग आपला घ्यायचा. मग थोड्या चादरीही निघतात, पण रंगछटा तंतोतंत येत नाही. दुसरा, गिऱ्हाइकं जमवायची. आम्ही दुसरा निवडला. आत्याकडे मे महिन्याची सुट्टी काढलेली सगळी भावंडं त्याच चादरी पांघरून गच्चीवर झोपलेली, त्यामुळे ‘मलाही एक’ म्हणणारे झटकन मिळाले. खर्च सगळ्यांत वाटला गेला आणि आत्याचा संच आमच्या सर्वांचा झाला. भावात घासाघीस मी केली नाही, तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. एवढ्याशा कामासाठी चालता माग थांबवून नवं डिझाइन चढवणं ही त्या माणसाची मेहेरबानीच असते.

आगाऊ रक्कम देण्याआधी काही गोष्टी कागदावर लिहून घ्या. जकार्डला हुक, म्हणजे उभे धागे उचलणारे आकडे, किती आणि आपली नक्षी त्यात बसते का. सूत दुपदरी की एकेरी. तयार चादरीचं वजन. आणि माप. मापाबद्दल विशेष सांगते, कारण मास्तरांनी बजावलं नसतं तर ते आमच्या लक्षात आलं नसतं. जुनी चादर मोजाल तर ती आटलेली असते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. म्हणून जुनीचं माप तसंच देऊ नका, आटणं धरून वाढीव सांगा. पक्का रंग हवा हेही लिहून घ्या आणि नमुना आला की पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासून पाहा.

नमुन्याची हातभर पट्टी मागायलाच हवी. आमची पहिली पट्टी आली तेव्हा निळा बरोबर होता, मोहरी मात्र लिंबाकडे झुकलेली. दुमडीतली पट्टी शेजारी ठेवून, घराबाहेर दिवसाउजेडी पाहिलं तेव्हा ते दिसलं. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारख्याच वाटत होत्या. रंगाई पुन्हा झाली. यात दिवस गेले, पण समारंभाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून आम्ही आधीच मोकळा वेळ राखला होता. तुम्हीही निदान तीन-चार महिने हाताशी ठेवा.

माग चालू असताना बघता आलं तर जरूर बघा. आमची चादर चढली त्या दिवशी आम्ही तिथे होतो. वर पत्त्यांची माळ एकेक घर पुढे सरकत होती, हवेत सुताचा कोंडा तरंगत होता, आणि खाली बोटबोट करत कोयरीचं टोक उगवत होतं. विणकरकाकांनी मध्येच माग थांबवला, तुटलेला एक धागा शोधला, गाठ मारली, बोटाने दाबून सपाट केली आणि पुन्हा सुरू केला. ती गाठ मी नंतर शोधली, सापडली नाही.

अभ्र्यांबद्दल थोडंसं. चादरीचं कापड जाड, दोन्ही बाजूंनी वापरलं तर उशी जड आणि गरम होते. म्हणून एक जास्तीची सिंगल विणून घेतली, फूल बरोबर मधोमध येईल असं कापलं आणि मागची बाजू साध्या निळ्या सुती कापडाची लावली. हे काम घरच्या ओळखीच्या शिंप्याकडून करून घेतलं. कापल्याबरोबर कडांना ओव्हरलॉक मारायला सांगा, दुहेरी वीण फार लवकर उसवते.

परतीचं ओझं मोठं होतं, कारण चादरी खरोखर जड असतात. आपल्यापुरत्या हातात घ्या, बाकीच्या पार्सलने पाठवायला सांगा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांना पिशवीत जागा ठेवा. घरी आल्यावर पहिली दोन धुणी वेगळी, थंड पाण्यात, आणि वाळत घालायची सावलीत.

आत्याने संच उघडला तेव्हा आधी काही न बोलता चादर उलटली, मागची बाजू पाहिली आणि विचारलं, ‘कुणाच्या मागावरची?’ कारखान्याचं नाव सांगितलं. मग तिने नातसुनेला ती लगेच पलंगावर घालायला लावली. भेट म्हणून कपाटात ठेवलेली नाही, रोज वापरात आहे.

पत्त्यांचा संच कारखान्यातच ठेवून आलो आहोत. कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर नंबर आणि ‘कोयरी-आठ पाकळी’ असं ठळक लिहून. तुम्ही तुमचा विणून घ्याल तर तुमच्या संचावरही नाव घालायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ग्राफपासून सुरुवात करावी लागणार नाही.