भरली की धरते

आण्णा त्यांची पायडलची तीनचाकी मालगाडी घेऊन आले तेव्हा ती रिकामी होती. घोळ तिथूनच सुरू होत होता. रिकामी गाडी कुणीही एका बाजूनं उचलतो, चाक फिरवतो, चाक गरागरा फिरतं आणि बघणारा म्हणतो, "बेअरिंग झकास आहे की!" माझ्याआधी दोन वर्कशॉपांनी हेच केलं होतं. आण्णांचं वाक्य मात्र पहिल्यापासून एकच होतं : "खाली हाय तवर पळतीया. पोती टाकली की डावीकडनं धरतीया." हे वाक्य कुणी नीट ऐकलंच नव्हतं, आणि मला राग येतो तो याचा.

आण्णा आयुष्यभर इचलकरंजीत मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग लावला. तेव्हापासून या गावात जॉबरच्या कानाला किंमत आहे. चार-चार डझन माग धडधडत असताना त्यातला कुठला आजारी आहे हे तो दारातून सांगतो. असा माणूस 'डावीकडनं धरतीया' म्हणतो तेव्हा डावीकडेच काहीतरी असतं. त्यांचा कारखाना बंद पडला आणि त्यांनी स्वतःच ही तीनचाकी बनवली. छोट्या मागवाल्यांची सुताची पोती न्यायची आणि तयार तागे परत आणायचे, एवढंच तिचं काम.

पुढचा अर्धा भाग जुन्या सायकलचा, मागं अँगलचा सांगाडा आणि वर फळ्या. मागचा अ‍ॅक्सल २५ मिलीचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी गज. हाच शाफ्ट. तो दोन प्लमर ब्लॉकमध्ये बसवलेला, म्हणजे बोल्टनं सांगाड्याला पक्क्या केलेल्या, आत बेअरिंग असलेल्या घरांत (हौसिंगमध्ये). चेन अ‍ॅक्सलच्या मध्यावर येते. उजवं चाक चावीनं, म्हणजे खाचेत ठोकलेल्या लोखंडी तुकड्यानं, शाफ्टला पक्कं, डावं शाफ्टवर मोकळं. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नसलेल्या गाडीला असंच करावं लागतं, नाहीतर वळणावर आतलं चाक फरफटत जातं. आता गंमत बघा. डावं चाक फिरतं ते स्वतःच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, बेअरिंगवर. ते हातानं कितीही फिरवा, अ‍ॅक्सलचं डावं बेअरिंग जागचं हलतही नाही. म्हणजे दोन्ही वर्कशॉपांनी तपासलं ते भलतंच बेअरिंग.

मी उजवं चाक उचलून पायडल मारलं. अ‍ॅक्सल फिरला, हलकाच होता. मग शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची चार पोती आणून फळीवर टाकली, उजवं चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढाच जॅक लावला आणि पुन्हा पायडल मारलं. आता अ‍ॅक्सल फेऱ्यातल्या एका ठिकाणी अडखळत होता. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

प्लमर ब्लॉकची खुबी बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. आतल्या बेअरिंगची बाहेरची रिंग सरळ नसते, गोलाकार फुगीर असते आणि ती हौसिंगमधल्या तशाच खोलगट जागेत बसते. त्यामुळे हौसिंग थोडं वाकडं बसलं तरी बेअरिंग आतल्या आत एक-दोन अंश फिरून शाफ्टशी जुळवून घेतं. साध्या बॉल बेअरिंगला इतकी मुभा नसते. त्याला दहा मिनिटांच्या, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाच्या वर वाकडेपणा सोसत नाही.

शाफ्ट काढला. दोन्ही बेअरिंगांच्या भोकात पहार घालून ती हलवून बघितली. उजवं हललं, डावं जागचं सरकेना. रॉकेलनं धुतलं, काळ्या रंगाचा थर खरवडला आणि खाली वेल्डिंगचे तीन टाके दिसले. रिंग हौसिंगमध्ये सैल होऊन फिरत असणार, म्हणून कुणीतरी ती हौसिंगला टाके मारून पक्की केली होती आणि वरून रंग फासला होता. अर्थिंगचा क्लॅम्प शाफ्टला लावला असावा, कारण करंट गोळ्यांमधून गेल्याच्या बारीक खड्ड्यांच्या खुणा रिंगवर होत्या. जुळवून घेणारं बेअरिंग एका मिनिटात मुकं करून टाकलं होतं. हे काम करणाऱ्याचा हात वेल्डिंगला चांगला आहे, टाके सुबक आहेत. म्हणूनच ते पाहून जास्त वाईट वाटतं.

पण एवढ्यावर उत्तर पूर्ण होत नव्हतं. रिकाम्या गाडीत टाके मारलेलं बेअरिंगही मोकळं फिरत होतं, म्हणजे भरल्यावर काहीतरी वाकत होतं. शाफ्ट जुन्याच बेअरिंगांत परत बसवला, त्याच्या दोन टोकांवर बारीक दोरा ताणला, मध्यावर फटीचं माप घेतलं. मग पोती टाकून पुन्हा घेतलं. दोन्ही बेअरिंगांच्या मधल्या भागात शाफ्ट सुमारे दीड मिलीनं खाली आला होता. लोखंड वाकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग करून बघावा. चाकं बेअरिंगांच्या बाहेर १०० मिलीवर होती. त्या लांबीवर चाक जमिनीकडून वर दाबलं जातं आणि पोत्यांचं वजन बेअरिंगवरून खाली दाबतं. २०० किलोला २५ मिलीचा शाफ्ट बेअरिंगपाशी अर्ध्या अंशाच्या आसपास कलतो. बेअरिंग मोकळं असतं तर त्यानं ते सोसलं असतं. टाके मारलेल्याला मुभा होती दहा मिनिटांची आणि वाट्याला आले होते जवळपास तीस.

माझ्याकडचा पोरगा आयटीआय फिटर आहे, दोन वर्षांचा कोर्स केलेला. व्हर्नियर फार सुंदर वाचतो. पण माप भरल्या गाडीवर घ्यायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. शिकवणाऱ्यांच्या वर्कशॉपात भरलेली गाडी कधी येतच नाही. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी सायकल रिक्षा सुधारण्यावर काम केलं, ते लोकांनी वाचायला हवं. अशा घरगुती तीनचाकींकडे मात्र इंजिनिअरिंग कॉलेजं ढुंकून बघत नाहीत.

नवीन काम असं केलं. दोन्ही हौसिंग आणि बेअरिंग नवीन घेतली. डुप्लिकेट नको म्हणून दुकानदाराशी हुज्जत घातली आणि आणलेलं प्रत्येक बेअरिंग हौसिंगमध्ये हातानं फिरतंय का ते पाहूनच आणलं. मग बेअरिंग चाकांच्या दिशेनं ४० मिली बाहेर सरकवली. सांगाड्यात तेवढी जागा होती, आण्णांनी ती का वापरली नव्हती हे मी विचारलं नाही. आता चाक बेअरिंगपासून ६० मिलीवर आलं आणि वाकही कमी झाला.

त्यानंतर दोरी. सायकलच्या डोक्याच्या, म्हणजे हँडल बसतं त्या, नळीच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजलं, फरक ११ मिली निघाला. म्हणजे अ‍ॅक्सल गाडीला काटकोनात नव्हता, चेन उतरायची ती यामुळेच. डावी हौसिंग पुढं सरकवली, फरक एका मिलीवर आणला.

मग हौसिंगचे बोल्ट ढिले ठेवून पोती टाकली आणि गाडी पुढं-मागं ढकलली, म्हणजे बेअरिंगांनी भरलेल्या गाडीत आपापली जागा शोधावी. बोल्ट थोडे-थोडे करत आवळले. ग्रब स्क्रू, म्हणजे बेअरिंगची आतली रिंग शाफ्टला पकडणारे बिनडोक्याचे स्क्रू, सगळ्यात शेवटी, तेही शाफ्टवर टोक बसायला छोटा खळगा मारून. आधी ग्रब स्क्रू आवळले तर हौसिंग आवळताना बेअरिंगवर आडवा ताण येतो. आण्णा तिथं उभे होते. म्हणाले, "मागाच्या लांब शाफ्टाला बी दोन्हीकडनं आवळत न्हाईत मालक, एका अंगाला खेळ ठिवत्यात." मी मान हलवली. कारण समजावून सांगायची गरजच नव्हती.

पोती तशीच ठेवून आण्णा गाडी घेऊन नदीकडच्या चढावर गेले. साधारण माणसाचे पाय तासभर एकसारखे ७५ वॉटच्या आसपास काम देतात, एका हॉर्सपॉवरचा दहावा हिस्सा. त्यातून बेअरिंगनं थोडं जरी खाल्लं तरी ते चढावर कळतं. आण्णा उतरून म्हणाले, "आता धरत न्हाई."

तरीही माझं समाधान झालेलं नाही. हे बेअरिंग जुळवून घेतं ते मुख्यतः बसवताना. भरलेली जाऊन रिकामी परत येताना प्रत्येक फेरीला शाफ्ट थोडा कललेला आणि परत सरळ झालेला, अशी हालचाल त्या खोलगट जागेत रोज होत राहावी यासाठी ते बनवलेलं नाही. मी भरल्या गाडीवर बसवलं, कारण जोर लागतो तो भरल्यावर, रिकाम्या परतीला पाय पुरतात. हे बरोबर आहे असं मला वाटतं, पण ही जागा किती महिन्यांत झिजेल हे बघायचं राहिलंय. खरा उपाय ३० मिलीचा शाफ्ट. व्यास एवढा वाढला की ताठपणा दुपटीवर जातो. पण मग दोन्ही हब बोअर करून त्यांची भोकं मोठी करावी लागतील, हौसिंगही मोठी लागतील, आणि आण्णांची गाडी तीन-चार दिवस बंद राहील. त्यांना तेवढे दिवस परवडत नाहीत. ३० मिलीचा बार मी आणून ठेवलाय. मागवाल्यांची सुट्टी असेल तेव्हा गाडी सोडून जा, असं त्यांना सांगितलंय.