सर्व्हरचं विसरणं

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डावरच्या) चपट्या सेलचं नाव सीआर२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सोलापूरच्या नवी पेठेत चहा-भज्याच्या पैशात मिळतो. १९८४ साली आयबीएमच्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर जगणारी ६४ बाइटची इवलीशी मेमरी आली. त्यातच घड्याळ, त्यातच सेटिंग. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय, मशीन बिघडलं की सेल काढून परत घालायचा.

नव्या सर्व्हरला हा उतारा बऱ्याचदा लागू पडत नाही. सेटिंग आता बहुतेक वेळा, वीज नसली तरी न विसरणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये असतं. सेल काढला तर घड्याळ तेवढं जातं, बिघाड जागच्या जागी.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात परवा हेच झालं. वळीव आला, लाईट ये-जा करत राहिली, यूपीएस दमला. सेटिंग लिहिलं जात असतानाच वीज गेली की नोंद अर्धवट राहू शकते. सर्व्हरचे पंखे घोंघावतायत, स्क्रीन काळाठिक्कर. दोन्ही पॉवर केबल काढल्या, पॉवरचं बटण दाबून धरून उरलीसुरली वीज उतरवली, मग सेटिंग पुसायच्या जंपरची, म्हणजे दोन पिना जोडणारी, टोपी दुसऱ्या पिनांवर. मग टोपी पुन्हा पहिल्या जागी.

खरी परीक्षा पुढं. सेटिंग पुसल्यावर सर्व्हर सगळी रॅम नव्यानं तपासत बसतो. मिनिटामागून मिनिटं जातात आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नाही. भले भले इथंच धीर सोडून बटण दाबतात.

"काय ओ, झालं का? गाडी भरून उभी हाय, बिल निघंना."

"थांबा मालक, हात लावू नका."

शेजारी नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणाला, "आमचं डिझाईन पुठ्ठ्यात हाय, सर. लाईट गेली तरी मोर कुठं जातोय?" खरंच. एखादा पुठ्ठा फाटला तर तेवढाच नवा पाडायचा.

स्क्रीन उजळली, पण फॅक्टरीतून आलेल्या कोऱ्या सेटिंगसह. डिस्क जोडायची पद्धत रेडवरून (अनेक डिस्क एकत्र) एएचसीआयवर (प्रत्येक डिस्क सुटी) गेलेली, त्यामुळं विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येईना. ते बदललं. सेल काढलेला नसूनही तारीख काही वर्षं मागं गेली होती, आणि तारीख चुकली की मालाच्या गाडीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची साईट उघडत नाही, कारण तिचं सर्टिफिकेट, म्हणजे साईटची ओळख पटवणारा दाखला, त्या तारखेला अजून जन्मालाच आलेलं नसतं. हे ज्याला ठाऊक नसतं तो दिवसभर इंटरनेटवाल्याशी भांडतो.

गाडी गेल्यावर मी प्रत्येक सेटिंगच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि प्रिंट मागितल्या.

मालक म्हणाले, "कागद कशाला? ह्याच कॉम्प्युटरात सेव्ह करून ठेवा की."

"आणि हाच चालू होईना झाला तर?"

मालकांनी सेलोटेप मागवली.